मोटर थंड, डिस्प्ले गरम: इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टची खोटी ओव्हरहीट वॉर्निंग

विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी. पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षाचं पॅकहाऊस आहे. तिथे 48 व्होल्टची तीन चाकी इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट, पुढच्या दोन चाकांना दोन एसी मोटरा. पंधरा दिवसांपासून डाव्या मोटरची ओव्हरहीट वॉर्निंग येते आणि गाडी मुंगीच्या चालीनं चालायला लागते. कधी कधी तर सकाळच्या पहिल्याच फेरीला. चावी बंद करून चालू केली की बहुतेक वेळा वॉर्निंग जाते, अर्ध्या तासानं परत हजर. मोटरला हात लावला तर थंडगार. वायंडर (मोटरची तार नव्यानं गुंडाळून देणारा) म्हणतो मोटर काढून आणा, डीलरनं नव्या कंट्रोलरचं (मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणाऱ्या डब्याचं) कोटेशन दिलंय, आणि एक मेकॅनिक म्हणतो मोटरचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या जागी रेझिस्टर टाकून देतो, कटकट मिटेल. सीझन ऐन भरात आहे, कुणाचं ऐकू?

भाऊ, सध्या कुणाचंच ऐकू नका. मोटर काढू नका, कंट्रोलरचे पैसे भरू नका, आणि रेझिस्टर तर अजिबात टाकू देऊ नका. का ते पुढे येईलच.

तुमच्याच प्रश्नात अर्धं उत्तर आहे. चावी बंद-चालू केल्यावर वॉर्निंग जाते, असं तुम्ही लिहिलंय. मोटरमध्ये कित्येक किलो तांबं आणि लोखंड असतं. ते तापायला वेळ लागतो आणि निवायला त्याहून जास्त. खरोखर 130 अंशांवर गेलेली मोटर चावी फिरवायच्या पाच-दहा सेकंदांत थंड होऊच शकत नाही. पुन्हा चालू केल्यावरही तिनं 128-129 दाखवायला हवं. म्हणून अशा तक्रारीत मी आधी स्क्रू ड्रायव्हर काढत नाही, आकडा कसा वागतो ते बघतो. खरी उष्णता चढ चढणाऱ्या बैलगाडीसारखी जाते, हळूहळू वर आणि हळूहळू खाली. खोटी उष्णता बेडकासारखी उडी मारते: आता 34, पुढच्या क्षणी 127, चाक खड्ड्यातून गेलं की परत 36. बहुतेक गाड्यांच्या डिस्प्लेवर किंवा हातातल्या प्रोग्रॅमरवर (कंट्रोलरला जोडून आकडे आणि सेटिंग बघायच्या छोट्या यंत्रावर) मोटरचं तापमान प्रत्यक्ष आकड्यात बघता येतं. ऑपरेटरला सांगा, वॉर्निंग येईल तेव्हा त्या आकड्याचा मोबाइलवर अर्धा मिनिट व्हिडिओ काढ. मला त्या अर्ध्या मिनिटात जेवढं कळतं तेवढं मोटर उघडूनही कळत नाही.

दुसरी तपासणी फुकटातली आहे, फक्त पहाटे उठावं लागतं. गाडी रात्रभर कोल्ड स्टोरेजच्या बाहेर, एकाच जागी उभी ठेवा. सकाळी काहीही न हलवता नुसती चावी लावा आणि सगळी तापमानं वाचा: डावी मोटर, उजवी मोटर, पंप मोटर, कंट्रोलर. आठ तास उभ्या असलेल्या गाडीत हे सगळे आकडे एकमेकांच्या आणि हवेच्या जवळपास असायला पाहिजेत, दोन-चार अंश इकडेतिकडे. तुमच्या निफाड भागात थंडीच्या दिवसांत पारा दहाच्याही खाली जातो. अशा पहाटे तीन आकडे 11-12 आणि डावी मोटर 90 दाखवत असेल तर ती मोटर खोटं बोलतेय, आणखी पुरावा नको.

इथे एक सावधगिरी. "हाताला थंड" ही परीक्षा रात्रभर उभ्या गाडीलाच चालते. काम करून आलेल्या मोटरचं कवच कोमट असतं तेव्हा आतलं वायंडिंग (तांब्याच्या तारेचे वेढे) त्याहून बरंच जास्त तापलेलं असू शकतं. एफ क्लासचं इन्सुलेशन 155 अंशांपर्यंत आणि एच क्लासचं 180 पर्यंत चालतं, त्यामुळे आत शंभरी गाठलेली मोटर आजारी असतेच असं नाही. इन्फ्रारेड गन वापरत असाल तर चकचकीत अॅल्युमिनियमवर रोखू नका, ती खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवते. काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, मिनिटभर थांबा आणि टेपवर रोखा.

वॉर्निंग नक्की कोण देतंय हेही एकदा पक्कं करा. ऑपरेटर सगळ्यालाच "गाडी गरम झाली" म्हणतात. कर्टिस कंपनीच्या 1232 ते 1238 या एसी कंट्रोलरमध्ये 22 नंबरचा कोड म्हणजे कंट्रोलर स्वतः गरम, 28 म्हणजे मोटर गरम, आणि 29 म्हणजे मोटरच्या सेन्सरमध्येच बिघाड. दुसऱ्या कंपन्यांचे नंबर वेगळे, पण वाटणी साधारण हीच. कंट्रोलर गरम असल्याचा कोड असेल तर माझा अनुभव उलटा आहे, ती तक्रार बहुतेक वेळा खरी निघते. त्याचा सेन्सर आत सीलबंद असतो, सहसा बिघडत नाही. तिथे पंखा बंद, हीटसिंक धुळीनं भरलेलं, किंवा कुणीतरी कंट्रोलर काढून परत बसवताना खाली थर्मल पेस्ट लावायची विसरलेलं. लासलगावकडच्या कांद्याच्या शेडमधल्या गाड्यांच्या पंख्यातून मी मूठ-मूठ पापुद्रे काढले आहेत.

तुमचा कोड मोटरचा आहे असं धरून पुढे जातो.

मोटरच्या वायंडिंगमध्ये एक छोटा सेन्सर पुरलेला असतो. एसी ट्रॅक्शन मोटरांत वर्षानुवर्षं केटीवाय 84-130 जातीचा सेन्सर वापरला गेलाय. तापमान वाढलं की याचा रेझिस्टन्स वाढतो. 20 अंशांना साधारण 581 ओहम, 30 ला 626, 40 ला 672, 100 अंशांना बरोबर 1000, 120 ला 1127 आणि 150 ला 1334. हे आकडे कागदावर लिहून गाडीच्या पॅनलच्या आत चिकटवून ठेवा. कंट्रोलरला तापमान कळत नाही, त्याला फक्त ओहम कळतात. वाटेत कुठेही रेझिस्टन्स वाढला की त्याच्या लेखी मोटर तापली.

तुमच्याकडे नेमकं तेच झालं असणार असं मला वाटतं. तुमची गाडी प्री-कूलिंगमध्ये आणि कोल्ड स्टोरेजमध्ये शून्याच्या आसपास फिरते आणि पॅलेट घेऊन पस्तीस अंशांच्या उन्हात बाहेर येते. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम सुटतो तसा त्या गाडीच्या प्रत्येक कपलरला (तारा जोडायच्या प्लगला) दिवसातून वीस-तीस वेळा घाम सुटतो. त्यात द्राक्षाच्या पेटीत आपण जे ग्रेप गार्डचे कागद घालतो, त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. बुरशीला तो मारतो, पण ओलाव्याबरोबर मिसळला की आम्ल होतो आणि तांब्या-पितळेला खातो. चार्जिंगच्या जागी बॅटरीच्या अॅसिडचा फवारा उडतो तो वेगळाच. दोन सीझन झाले की मोटरजवळच्या कपलरच्या पिनांवर हिरवट-काळा थर बसतो.

मग मोटरच्या जाड केबलच्या लग्जना (टोकाच्या धातूच्या कड्यांना) हा त्रास का होत नाही? तिथून शेकडो अँपिअर जातात आणि जोड नटबोल्टनं आवळलेला असतो. सेन्सरच्या तारेतून मिलिअँपिअरमध्ये करंट जातो. एवढ्याशा करंटला तो थर फोडता येत नाही. त्यामुळे एकाच गाडीत, एकाच ओलाव्यात, जाड केबल ठणठणीत आणि सेन्सरची तार आजारी. त्या जोडावर शंभर ओहम जरी वाढले तरी डिस्प्ले पंधरा-वीस अंश जास्त दाखवतो. पाचशे वाढले की तिशीतली मोटर एकशेवीसच्या घरात जाते. गाडी हादरली, पिन थोडी सरकली, की आकडा पुन्हा जागेवर.

एक गंमत सांगतो, कारण यात भले भले फसतात. कपलरमध्ये ताजं पाणी शिरलं तर केटीवाय सेन्सर खरं असतं त्यापेक्षा थंड दाखवतो, कारण पाण्यातून समांतर वाट मिळून रेझिस्टन्स कमी होतो. गंज चढला की गरम दाखवतो. काही गाड्यांत एनटीसी नावाच्या दुसऱ्या जातीचा सेन्सर असतो, त्याचं सगळंच उलटं. तापलं की त्याचा रेझिस्टन्स घटतो, म्हणून गाडी पाइपनं धुतल्यावर लगेच ओव्हरहीट दाखवतो आणि वाळली की गप्प बसतो. "धुतल्यावर वॉर्निंग येते" आणि "धुतल्यानंतर चार महिन्यांनी येते" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

आता मीटर लावू. त्याआधी बॅटरीचा मोठा कनेक्टर ओढून काढा. कंट्रोलरमधले कपॅसिटर काही काळ भरलेले राहतात, त्यांना उतरू द्या. व्होल्टेज शून्याजवळ आलंय हे मीटरनं बघितल्याशिवाय हात घालू नका. अंगठी आणि कडं काढून ठेवा. 48 व्होल्टचा शॉक फारसा लागत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, पण पाना आडवा पडला तर ती बॅटरी हजारो अँपिअर सोडते आणि अंगठी बोटावरच लाल होते. आणि मेगर (मोठं व्होल्टेज सोडून इन्सुलेशन तपासायचं मीटर) लांब ठेवा. वायंडिंगचं इन्सुलेशन बघायच्या नादात सेन्सर जोडलेला असताना मेगर फिरवला की कंट्रोलर खरोखरच बदलावा लागतो.

गाडीच्या दोन मोटरा ही तुमची सगळ्यात मोठी सोय आहे. डाव्या-उजव्या मोटरच्या सेन्सरच्या तारा पोहोचत असतील तर फक्त त्या दोन अदलाबदल करा. एन्कोडर (मोटरचा वेग मोजणारा सेन्सर) आणि मोटर केबलला हात लावायचा नाही. आता वॉर्निंग उजव्या मोटरची आली, तर दोष डाव्या मोटरच्या सेन्सरमध्ये किंवा तुम्ही हलवलेल्या तारेत आहे. वॉर्निंग डावीचीच राहिली, तर अदलाबदल केली त्या जागेपासून कंट्रोलरपर्यंतच्या वायरिंगमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये. हे करायला पंधरा मिनिटं लागतात आणि कोटेशनचा निकाल लागतो. अशी गाडी फक्त चाकं उचलून, लाकडी ठोकळ्यांवर टेकवून तपासा. जमिनीवर चालवायची नाही, कारण त्या वेळी दोन्ही मोटरांचं संरक्षण चुकीच्या जागी लागलेलं असतं.

तारा पोहोचत नसतील तर रेझिस्टन्स दोन ठिकाणी मोजा. आधी कंट्रोलरचा कनेक्टर काढून त्याच्या वायरिंगच्या बाजूनं, सेन्सरच्या दोन पिनांमध्ये. मग मोटरजवळचा कपलर सोडवून थेट मोटरच्या बाजूनं. 30 अंशांच्या हवेत, रात्रभर उभ्या गाडीत, दोन्हीकडे साधारण 625 यायला पाहिजे. मोटरजवळ 625 आणि कंट्रोलरजवळ 1050 आलं, तर मधल्या तारेत किंवा कपलरमध्ये चारशे ओहमचा चोर बसलाय. मोटरजवळच 1050 आलं तर दोष मोटरच्या आत आहे, किंवा सेन्सरची जातच वेगळी आहे. मोजताना दुसऱ्या माणसाला तार हलवायला, कपलर दाबायला सांगा. आकडा नाचला की जागा सापडली. स्थिर उभ्या गाडीत मोजून "सगळं ओके" म्हणणारे मेकॅनिक मी खूप बघितले. बिघाड हादऱ्यात असतो, तर तपासही हादऱ्यातच करायला हवा.

कंट्रोलर निर्दोष आहे का हे बघायला मात्र रेझिस्टर वापरायचा, पाच मिनिटांसाठी. सेन्सरच्या जागी एक टक्का टॉलरन्सचा 1000 ओहम लावला की डिस्प्लेवर 100 अंश यायला हवं, 680 लावला की 41-42. दोन्ही बरोबर आले तर कंट्रोलरला दोष देऊ नका. सातपूरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हे दोन रेझिस्टर चहाच्या पैशांत मिळतात. चाचणी झाली की ते खिशात परत.

कारण तेच रेझिस्टर गाडीत राहिले की काय होतं ते मी सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत बघितलंय. एका कारखान्यातली गाडी बंद पडली म्हणून गेलो. मोटर जळल्याचा वास गेटपर्यंत आला होता, आणि डिस्प्ले शांतपणे 41 अंश दाखवत होता. फ्लोअर प्लेटखाली टेपमध्ये गुंडाळलेला 680 ओहमचा रेझिस्टर सापडला. आधीच्या कुणीतरी वॉर्निंग "दुरुस्त" केली होती. पुढे उन्हाळ्यात ब्रेक पूर्ण सुटेनासा झाला, मोटर दिवसभर घासत राहिली, आणि ताकद कमी करून तिला वाचवणारी एकमेव गोष्ट कुणीतरी झोपवून ठेवली होती. रिवायंडिंगचं बिल मालकानं भरलं, रेझिस्टरवाला तोपर्यंत फोन उचलत नव्हता.

सेन्सरची जात वेगळी असू शकते असं म्हटलं, तो प्रकार हल्ली वाढलाय. केटीवाय सेन्सर बनवणं मूळ उत्पादकानं थांबवलं आणि नव्या मोटरांत पीटी 1000 या जातीचा सेन्सर यायला लागला. रिवायंडिंग करताना वायंडरही मिळेल तो टाकतो. पीटी 1000 शून्य अंशाला 1000 ओहम असतो आणि 25 अंशांना 1097. कंट्रोलरमध्ये सेटिंग केटीवायचं राहिलं तर थंडगार मोटर सकाळीच 115 अंश दाखवते. इथे आकडा उड्या मारत नाही. तो व्यवस्थित, स्थिरपणे, रोज तेवढाच चुकतो. गाडीच्या इतिहासात "मोटर रिवाइंड केली" किंवा "मोटर बदलली" असं असेल तर सगळ्यात आधी हेच तपासा. प्रोग्रॅमरमध्ये सेन्सरची जात बदलली की काम झालं.

पण याची उलटी बाजू भयंकर आहे. मोटरमध्ये केटीवायच असताना कुणी वॉर्निंग घालवायला सेटिंग पीटी 1000 करून ठेवलं, तर मोटर खरोखर 100 अंशांवर असताना डिस्प्ले शून्य दाखवतो, आणि एफ क्लासचं इन्सुलेशन 155 अंशांना शिजायला लागेपर्यंत आकडा शंभरीच्या आतच असतो. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी मोटरजवळ ओहम मोजा आणि मगच जात ठरवा.

आकडा फक्त ॲक्सिलरेटर दाबला की उडत असेल, उभ्या गाडीत कधीच नाही, तर गंजाऐवजी वायरिंग कुठून नेलंय ते बघा. सेन्सरची तार मोटरच्या तीन जाड केबलना टाय मारून बांधलेली असते, आणि कंट्रोलरचा सगळा विजेचा गोंगाट तिच्यात उतरतो. ती वेगळी काढा, दोन्ही तारांना एकमेकींचा पीळ द्या, आणि जाड केबल ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. सेन्सरबरोबर एन्कोडरचाही फॉल्ट अधूनमधून येत असेल तर दोघांची ग्राउंडची तार एकच असण्याची शक्यता मोठी, तिचा क्रिम्प (तारेवर दाबून बसवलेला जोड) बघा.

आणि रात्रभराच्या परीक्षेत आकडे सारखे आले, दिवसभरात डावी मोटर हळूहळू उजवीच्या पुढे चाळीस अंश गेली, तर वॉर्निंग खरी आहे. मग डाव्या बाजूचा ब्रेक घासतोय का, अॅक्सलला पॅलेटची पट्टी किंवा स्ट्रेच फिल्म गुंडाळली गेलीय का ते बघा. पॅकहाऊसमध्ये हे दुसरं कारण फारच नेहमीचं.

आता कपलरच दोषी निघाला तर दुरुस्ती नीट करा. पिनांवर पॉलिश पेपर घासू नका, वरचा मुलामा निघतो आणि महिन्याभरात दुप्पट गंज येतो. गंज हलका असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण वाळू द्या. तार आतून काळी पडली असेल तर ती लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापा, नवे टर्मिनल योग्य क्रिम्पिंग टूलनं दाबा, पक्कडीनं नाही. रबरी सील नसलेला कपलर असेल तर तो बदलून सीलचा लावा, आत डायइलेक्ट्रिक ग्रीसचं बोट फिरवा, आणि तोंड खाली ठेवून तारेला खाली एक वळण द्या म्हणजे घामाचं पाणी कपलरमध्ये न जाता वळणावरून टपकेल. केटीवायला प्लस-मायनस असतं, तारा उलट्या जोडू नका. सेन्सरच गेला असेल तरी मोटर लगेच खोलू नका, आधी टर्मिनल बॉक्स उघडून बघा. काही मोटरांत कंपनीनं दुसरा सेन्सर राखीव म्हणून आधीच पुरून ठेवलेला असतो आणि त्याची शेपटी तिथेच गुंडाळलेली सापडते.

उद्या पहाटे गाडी हलवण्याआधी तीन गोष्टी टिपून पाठवा: हवेचं तापमान, मोटरजवळचे ओहम आणि कंट्रोलरजवळचे ओहम. मोटर कधी रिवाइंड झालीय का तेही लिहा. एवढ्यावर तार, सेन्सर की सेटिंग ते इथे बसून सांगता येईल, आणि कंटेनर न्हावा शेवाला वेळेत निघेल.